शेवटच्या नळापासून सुरुवात करा: कमी पैशात गावातले साथरोग कसे रोखायचे

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. भिलवडी, ब्रह्मनाळ, हरिपूर, डिग्रज या नदीकाठच्या गावांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. त्याच जिल्ह्यात पूर्वेला जत, आटपाडीकडं उन्हाळ्यात लोक टँकरची वाट बघत बॅरलं मांडून बसतात. एकीकडं पाणी फार, दुसरीकडं पाणीच नाही. पण दोन्हीकडच्या दवाखान्यांत माणसं येतात ती जुलाब, कावीळ, विषमज्वर आणि डेंग्यू घेऊनच. पाणी घरात कसं पोचतं आणि घरात कसं साठतं, सगळी मेख त्यात आहे.

मी आरोग्य सेवक म्हणून पलूस-वाळवा पट्ट्यात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. खाली लिहिलंय त्याला फार पैसा लागत नाही. सरपंच, जलसुरक्षक, आशाताई आणि चार खटपट्या माणसं असली की बास.

आधी गाव चालून बघा

पाण्याचा नमुना घ्यायला कुणी आलं की गावात त्याला कुठं नेतात? टाकीखालच्या नळाला, नाहीतर ग्रामपंचायतीशेजारच्या घरात. तिथलं पाणी चांगलंच असतं, कारण ते टाकीतून निघून दोन मिनिटंही झालेली नसतात. खरी परीक्षा वाहिनीच्या शेवटच्या घरी होते. मळ्यातली वस्ती, गावाबाहेरची वसाहत, ओढ्यापलीकडची चार घरं, तिथं.

याचं कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याकडं पाणी दिवसाआड, तेही तासभर येतं. उरलेले सत्तेचाळीस तास पाइप रिकामी असते. चावी बंद झाली की पाइपमधलं पाणी उताराकडं निघून जातं आणि मागं पोकळी होते. ही पोकळी जिथं फट मिळेल तिथून बाहेरचं आत ओढते. फट गटारात असेल तर गटारातलं ओढते. पुढच्या पाळीला चावी सोडली की ते सगळं आधी शेवटच्या घरी जातं. कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर हाच प्रकार पाणी चालू असतानाही होतो.

म्हणून पहिलं काम: चावी सुटायच्या वेळी टाकीपासून निघा आणि वाहिनीच्या कडेनं शेवटच्या नळापर्यंत चालत जा. सोबत पाणी सोडणारा माणूस हवाच, कारण पाइप कुठून गेलीय ते फक्त त्याच्या डोक्यात असतं, कागदावर कुठंच नसतं. जाताना वहीत लिहीत चला. व्हॉल्व्हचा कुठला खड्डा पाण्यानं भरलाय, पाइप कुठं गटारातून गेलीय, कुठल्या घरी पाण्याला दाब नाही म्हणून जमीन उकरून नळ खाली घेतलाय, कुठल्या नळाला तोटीच नाही. खड्ड्यातला नळ सगळ्यात वाईट. पाणी संपलं की खड्ड्यात साचलेलं सांडपाणी त्याच नळातून उलटं पाइपमध्ये शिरतं.

एका पावसाळ्यात एका वाडीवर जुलाबाचे रुग्ण सुरू झाले. मी गेलो. माझ्या नोंदवहीत त्या गावाच्या पाण्यासमोर महिनाभर बरोबरच्या खुणा होत्या, सगळ्या माझ्याच हाताच्या, सगळ्या टाकीखालच्या नळाच्या. एक म्हातारी दारात बसली होती. माझ्या हातातला ओटीचा (पाण्यात क्लोरीन असला की ते पिवळं करणाऱ्या थेंबांचा) डबा बघून म्हणाली, "डाक्टर, तुमची ही पिवळी बाटली आमच्यापतूर कधी आलीच न्हाई की." तिच्या नळाला तपासलं तर रंग नाहीच, पाणी पांढरंफटक. वाडीच्या अलीकडं व्हॉल्व्हचा खड्डा होता. त्यात काळं पाणी आणि त्यावर तरंगणारी भाताची शितं. लगतच्या घराच्या मोरीचं पाणी तिथं उतरत होतं. ग्रामपंचायतीनं व्हॉल्व्हचं पॅकिंग बदललं, खड्ड्याला सिमेंटची कडं घातली, मोरीचं पाणी वळवलं. दोन दिवसांचं काम होतं. माझ्या वहीतल्या खुणा मात्र तशाच राहिल्या.

टीसीएल: पोतं, वजन आणि वेळ

टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर. ती गावोगाव असते, टाकलीही जाते. चूक होते ती तीन ठिकाणी.

पहिली चूक पोत्याची. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली आलेली पावडर पाण्यात टाकणं म्हणजे चुना टाकणं. त्यामुळं पोतं घेताना उत्पादनाची तारीख बघा. पोतं जमिनीवर ठेवू नका, खाली फळी घाला, तोंड घट्ट बांधा, खोली कोरडी आणि अंधारी ठेवा. मोटरचा स्टार्टर आहे त्या खोलीत तर मुळीच नको. स्टार्टरच्या पेटीला गंज चढलेला दिसला की समजा, तुमचा क्लोरीन पाण्यात न जाता पत्र्यावर चाललाय. ताकद किती उरलीय हे प्रयोगशाळेतच कळतं. पंचायत समितीमार्फत नमुना पाठवता येतो, तो पाठवत चला.

दुसरी चूक वजनाची. "एक वाटी टाकतो की रोज," असं उत्तर मिळतं. कुठली वाटी? चांगल्या पावडरीचं प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम धरा. ५०,००० लिटरची टाकी असेल तर २५० ग्रॅम. पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच कामाला १००० लिटरमागं आठ-सव्वाआठ ग्रॅम लागेल. किराणा दुकानात जाऊन एकदाच २५० ग्रॅम तोलून घ्या, प्लॅस्टिकच्या मगात ओता आणि मगावर रंगानं रेघ मारा. मग माणूस बदलला तरी माप बदलत नाही.

विहिरीसाठी थोडं गणित करावं लागतं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, ३.१४ नं गुणा, ४ नं भागा. आलेल्या आकड्याला १००० नं गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७,६८० लिटर, म्हणजे साधारण १९० ग्रॅम पावडर. पाण्याची खोली दोराला दगड बांधून मोजता येते.

तिसरी चूक टाकण्याच्या पद्धतीची. पावडर कोरडी टाकीत झोकू नका. बादलीत थोडं पाणी घेऊन आधी लगदा करा, मग बादली पाऊणभर भरा, काठीनं ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. खाली चुना बसतो. वरची निवळी टाकीत ओता, खालचा गाळ टाकून द्या. हे करताना नाका-तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि वाऱ्याकडं पाठ. संडास धुवायच्या ॲसिडशी ही पावडर कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो.

निवळी ओतल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबून मगच चावी सोडा. पाणी सोडणाऱ्याला हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण गल्लीतल्या बायका कळशा घेऊन उभ्या असतात आणि बोलणी तोच खातो. उपाय एवढाच, की टाकी पहाटे भरायची आणि पावडर तेव्हाच टाकायची.

ओटी टेस्ट, पण शेवटच्या नळाला

छोट्या नळीत पाणी घ्या, डब्यावर लिहिलंय तेवढे ओटीचे थेंब टाका आणि रंग बघा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचा. नंतर गडद होत जाणारा रंग फसवा असतो. क्लोरोस्कोपच्या रंगपट्टीशी ताडलं तर शेवटच्या घरी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसायला हवं. साथ चालू असेल किंवा नुकताच पूर ओसरला असेल तर ०.५ धरा. ओटीचं द्रावण अंगाला लावू नये, तपासलेलं पाणी पिऊ नये, मुलांच्या हाती डबा देऊ नये.

टाकीखाली पिवळा आणि शेवटी पांढरा आला, तर पावडर वाढवून प्रश्न मिटत नाही. मधे कुठंतरी घाण शिरतेय आणि क्लोरीन तिच्यावर खर्च होतोय. वही उघडा आणि ती गळती शोधा. मी तर म्हणेन, ओटीचा खरा उपयोग पाणी पास-नापास करण्यापेक्षा गळती हुडकण्यासाठीच आहे. वाहिनीवर दर दहा घरांनी तपासत गेलात की रंग कुठं गायब होतो ते नेमकं सापडतं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासणी किट वापरायचं शिक्षण द्यायचं ठरलं होतं. तुमच्या गावातलं ते किट बहुधा कपाटात असेल. ते बाहेर काढा, तारीख बघा. त्यात जिवाणू तपासायची कुपी असते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर त्या पाण्यात मैला गेलाय असं धरून चालायचं.

घरात आलेलं पाणी

नळापर्यंत शुद्ध आलेलं पाणी हंड्यात पेला बुडवला की बाटतं. पाच बोटं आणि त्यांची नखं रोज त्यात बुचकळली जातात. त्यावर आपल्या आज्यांकडं उत्तर होतं: लांब दांड्याचं ओगराळं. ते हंड्यावर टांगा, हंड्याला झाकण ठेवा. तोटीचा माठ घेतलात तर आणखी उत्तम.

पुराचं गढूळ पाणी असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी जाड सुती कापडातून गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. गढूळ पाण्यात थेंब टाकले तर ते मातीतच संपतात. कापडाला कमी लेखू नका. बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी सुती साडी घडी घालून गाळणी म्हणून वापरली, तेव्हा कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले होते. अर्थात गाळण्यानं सगळे जंतू जात नाहीत, उकळणं आलंच. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. मेडिक्लोरसारखं द्रावण वापरत असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा.

पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी लगेच वापरू नका. आधी उपसा, गाळ काढा, कठडा घासून घ्या. मग प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारून टीसीएलची जादा मात्रा टाका, रात्रभर ठेवा, ते पाणीही उपसून टाका, आणि ओटी बघूनच वापर सुरू करा.

जुलाब लागलेच तर

सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही, ही आपल्याकडची समजूत मोठी खर्चिक आहे. बहुतेकांना ओआरएस पुरतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं, एकाच वेळी. अर्धं पाकीट अंदाजानं अर्ध्या तांब्यात घालू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका, म्हणून चव घेऊन बघा: डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. तयार पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. लहान मुलाला सोबत झिंक सुरू करा, १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी गोळ्या बंद करू नका. अंगावरचं दूध चालू ठेवायचं.

बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त पडलं किंवा काहीच पोटात ठरेना, तर घरात थांबू नका. १०८ ला फोन करा.

आणि एकाच वाहिनीवरच्या दोन-तीन घरांत त्याच आठवड्यात जुलाब दिसले तर आशाताईंनी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायचं. "आणखी दोन दिवस बघू" म्हणण्यात साथ हाताबाहेर जाते.

डेंग्यू: कोरडा दिवस कुठला निवडायचा

पाणीटंचाईच्या गावात "आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा" असं सांगायला गेलात तर लोक हसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. टँकरचं पाणी कोण ओतून देईल? म्हणून वार सरकारी कागदावरून ठरवू नका. पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी भांडी तशीही तळाला गेलेली असतात, तो कोरडा दिवस. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, अळ्या फडक्यात राहतील, फडकं उन्हात झटका.

नुसतं रिकामं करून भागत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेघेशी भांड्याच्या कडेला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून बॅरलची आतली कड काथ्यानं खसाखसा घासायची. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यात एकदा घासलं की साखळी तुटते.

अळी कशी ओळखायची? बॅरलवर मोबाइलची बॅटरी मारा आणि हात आडवा धरा. सावली पडताक्षणी बारीक दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत तळाला जातात, मिनिटभरात पुन्हा वर येऊन डोकं खाली करून तिरक्या लटकतात. हे एकदा घरातल्या पोरांना दाखवा, पुढं तीच घरोघर तपासणी करतात. टायर, नारळाच्या करवंट्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलरची टाकी, झाडाच्या कुंडीखालची बशी, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, हे सगळं त्यांना दाखवायचं. गुरांच्या हौदात आणि पडक्या विहिरीत गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. ओढ्यात, नदीत सोडू नका. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा.

हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे तुमच्या घरात डेंग्यू झाला तर अळ्या बहुधा तुमच्याच गल्लीत आहेत. धुराची मशीन हे आमच्या खात्याचं तमाशाचं काम. उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात, आणि आठवड्यानं नवी पलटण तयार. तरी धूर मारा म्हणून सगळे मागं लागतात, कारण धूर दिसतो.

पूर ओसरल्यावरचा चिखल

घरातला, गोठ्यातला चिखल काढताना गमबूट घाला. पायाला भेग, जखम असेल तर झाकून घ्या. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू त्या चिखलात येतात आणि जखमेतून शिरतात. नंतर ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो." डॉक्सीसायक्लिनची प्रतिबंधक गोळी कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मनानं देऊ नका.

फडावरची पोरं

दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने सुरू होतात आणि बीड, नगर, जतकडच्या ऊसतोड टोळ्या उसाच्या फडाजवळ कोप्या (पालाच्या झोपड्या) घालतात. त्यांच्या पोरांची लस चुकते, कारण गावाकडच्या यादीत ती गैरहजर आणि इथल्या यादीत त्यांचं नावच नाही. लस कुठल्याही सरकारी केंद्रात, कुठल्याही गावच्या बाळाला मोफत मिळते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, बऱ्याच पोरांचा नेमका हा काळ फडात जातो. दुपारी गेलात तर कोपीवर कुणी सापडत नाही. मुकादमाला आधी सांगून ठेवा आणि संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळी जा. लसीकरणाचं कार्ड बहुतेकदा गावाकडं आजीच्या पेटीत असतं, म्हणून आईच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायची सवय लावा. त्याच फेरीत विचारा, दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला आहे का. असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते.

कोप्यांवर नळ नसतो, तेव्हा हात धुवायला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या. तोंडाखाली खिळ्यानं भोक पाडा, कॅन दोन काठ्यांच्या मधे आडव्या दांड्यावर टांगा, तोंडाला दोरी बांधून दुसरं टोक जमिनीलगतच्या फळीला बांधा. पायानं फळी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. साबणाची वडी नायलॉनच्या जाळीत घालून शेजारी टांगा, नाहीतर कावळा नेतो. कावळा खरंच नेतो, हे आम्ही दोन वड्या गमावून शिकलो.

पैसा आणि फळा

५०,००० लिटरच्या टाकीला रोज २५० ग्रॅम म्हणजे वर्षाला साधारण ९१ किलो टीसीएल, २५ किलोची चार पोती. चारही एकदम घेऊ नका, तिमाहीला एक घ्या, नाहीतर शेवटचं पोतं उघडेपर्यंत त्यात चुनाच उरेल. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेवर खर्च करता येतो. व्हॉल्व्हचे खड्डे, गळत्या, तोट्या यांचा अंदाज तुमच्या चालत केलेल्या वहीवरून काढा आणि आराखड्यात घाला. ग्रामसभेत "पाणी खराब आहे" म्हणून बोललात तर चर्चा होते. "अमुक गल्लीतला व्हॉल्व्ह, तमुक घरामागची गळती" असं वाचून दाखवलंत तर ठराव होतो.

शेवटी चौकात एक काळा फळा लावा. त्यावर रोज तीनच गोष्टी: तारीख, शेवटचा नळ कुणाच्या घरचा, ओटीचा रंग. लिहायचं काम शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांकडं द्या, मोठी माणसं भिडेखातर खोटं लिहितात. एका गावात असा फळा लावला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी एका पोरीनं लिहिलं, "रंग आला नाही." पाणी सोडणारा अजून चहा घेत होता. त्याच्याआधी वाडीवरच्या सहा बायका ग्रामपंचायतीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, हातात कळशा तशाच, रिकाम्या.